थोडेच आणि थोडे

३ जानेवारी

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. हिच्या उजव्या डोळ्याचं मधलं दिसणं गेलं आहे, डाव्याचं जातं आहे. काठाचं राहील म्हणाले. म्हणजे ही घरात वावरेल, रस्त्यातला खड्डा चुकवेल, दारात कोण आलं ते अंगलटीवरून ओळखेल. पण छापलेली ओळ वाचता येणार नाही. दर महिन्याला एक इंजेक्शन, तेही डोळ्यात. गेलेलं त्याने परत येत नाही, उरलेलं जरा हळू जातं.

मी विचारलं, "जरा म्हणजे नक्की किती?" डॉक्टर म्हणाले, "तसं मोजून कसं सांगू?" माझी तेहेतीस वर्षं वजनमापं तपासण्यात गेली. आकडा नसलेलं काही कोणी हातात ठेवलं की मला चीड येते. तिथेही आली. डॉक्टरांवर काढता येईना म्हणून त्यांच्या कंपाउंडरवर काढली. ते बरं केलं नाही.

परत येताना बसमध्ये ही एकच वाक्य बोलली. "पुस्तक राहिलं ना हो माझं."

"कुठलं पुस्तक?" मी विचारलं.

तिथून घर येईपर्यंत ही खिडकीबाहेर बघत होती.

४ जानेवारी

पुस्तकाचा उलगडा झाला. कपाटाच्या तळाशी बुटांचे तीन खोके आहेत. इतकी वर्षं मला वाटत होतं, त्यात बूट आहेत. त्यात कार्डं निघाली, तळहाताएवढी, दोन्ही बाजूंनी हिच्या बारीक अक्षरात भरलेली. मी मोजली. चारशे सात. प्रत्येक कार्डावर एक इंग्रजी शब्द, आणि सगळे शब्द किती, केवढं, थोडं, फार असं सांगणारे. शब्द आला कुठून, अर्थ कसा सरकत गेला, आणि शेवटी एक उदाहरणाचं वाक्य, इंग्रजीत आणि मराठीत.

ही शाळेत इंग्रजी शिकवायची. मुलं 'मच' आणि 'मेनी'त अडखळायची, तिथून हे सुरू झालं म्हणाली. त्याला एकोणीस वर्षं झाली. हिची एक जुनी विद्यार्थिनी आता पुस्तकं काढते. एप्रिलअखेर मजकूर हातात आला तर ती छापणार आहे.

"एकोणीस वर्षं लिहितेस आणि मला पत्ता नाही?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

हे खरं आहे, सबब नोंदवतो.

ठरलं असं: मी कार्ड वाचायचं, हिने सुधारणा सांगायच्या, मी टाइप करायचं. लेकीने तिचा जुना लॅपटॉप इथेच ठेवला आहे. मला एका बोटाने टाइप करता येतं. दिवसाला पाच कार्डं धरली तर मार्चअखेर काम संपतं. नोकरी सुटल्यापासून पहिल्यांदाच भिंतीवर तक्ता लावला.

६ जानेवारी

पहिली बैठक, सकाळी नऊ ते अकरा. पहिलं कार्ड 'इलेव्हन'चं. हा शब्द मूळचा 'एक उरला' असा आहे म्हणे. जुनी माणसं दोन्ही हातांची बोटं मोजून संपवायची आणि मग म्हणायची, एक उरला. 'ट्वेल्व्ह' म्हणजे दोन उरले. तेरापासून मात्र त्यांचा धीर खचला असावा, कारण पुढे हिशेबाने तीन-दहा, चार-दहा असं सुरू होतं. मला मौज वाटली. अकरा हा आकडा आयुष्यभर लिहिला, पण त्यात कोणी मागे उरलेलं आहे हे माहीत नव्हतं.

उदाहरण असं: 'दहा पाहुणे जेवून गेले. एक उरला. त्याने भांडी पुसली.'

मी म्हटलं, "पाहुण्याला कोणी भांडी पुसायला लावतं का?"

ही म्हणाली, "वाचा पुढचं."

९ जानेवारी

'इंच' आणि 'औंस' ही जुळी भावंडं आहेत! दोघांचा बाप एकच, लॅटिनमधला 'बारावा भाग' असा शब्द. एक भाऊ लांबीच्या घरी दत्तक गेला, एक वजनाच्या. तेहेतीस वर्षं दोघांशी रोजचा संबंध, आणि नातं मला आज कळतंय! हे मी मोठ्याने बोललो. ही हसली. डॉक्टरांकडून आल्यावर पहिल्यांदाच हसली.

एक गोष्ट पाहून ठेवली आहे. हिला आता माझ्याकडे बघायचं असेल तर ही माझ्या कानाकडे बघते. समोर पाहिलं की माझा चेहरा जातो आणि कानाकडे पाहिलं की येतो, असं म्हणाली. आधी मला चुकल्यासारखं व्हायचं. आता मी कान विंचरून बसतो, असं लेकीला फोनवर सांगितलं, तर ती हसली आणि मग म्हणाली, आईला दे जरा.

१४ जानेवारी

आज 'फ्यू' आणि 'अ फ्यू'. मला वाटायचं दोन्ही एकच. हिने शिक्षिकेच्या आवाजात समजावलं. "'फ्यू' म्हणजे थोडेच. नसल्यात जमा. 'अ फ्यू' म्हणजे थोडे. थोडे का होईना, पण आहेत. वस्तू तेवढ्याच असतात हो. बघणारा कसा बघतो, त्यावर आहे."

मी म्हटलं, "असं कसं? पाच म्हणजे पाच."

"पाच म्हणजे पाचच. आणि पाच म्हणजे पाच तरी." आणि ही माझ्या कानाकडे बघत राहिली.

कार्डावर दोन वाक्यं होती. पहिलं: 'त्याच्याजवळ शब्द थोडेच आहेत.' खाली वेगळ्या शाईत, बहुधा बऱ्याच वर्षांनी लिहिलेलं: 'त्याच्याजवळ थोडे शब्द आहेत.' कोणाजवळ, ते लिहिलेलं नाही. ही फार मोघम लिहिते.

१५ जानेवारी

'कपल'. मुळात जोडपं नव्हे, बांधायची दोरी किंवा पट्टा. उदाहरण: 'दुसऱ्या मजल्यावरचं जोडपं भांडत नाही, त्यांची अजून तेवढी ओळख झालेली नाही.'

आम्हीही तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच राहायचो. समोरच्या बिऱ्हाडातल्या डॉक्टरांबद्दल असावं.

२१ जानेवारी

मनात आलेलं लिहून ठेवतो. हिचं शब्दांचं काम चोख आहे. पण उदाहरणं घरगुती आहेत. एखादा अभ्यासू माणूस पुस्तक उघडेल आणि त्याला काय मिळेल? कोण्या 'त्याने' बिस्किटाचा एक चावा घेऊन उरलेलं हिच्या बशीत ठेवलं ('बिट' म्हणजे चाव्याएवढा तुकडा, म्हणून). कोणी 'तो' रोज सरासरी माणूस असतो, पण मुलीला ताप चढला त्या दिवशी तसा नव्हता ('ॲव्हरेज', हा शब्द जहाजावरच्या नुकसानीवरून आला. माल बुडाला तर सगळे व्यापारी तोटा वाटून घ्यायचे). शब्दाची गोष्ट भारदस्त आणि खाली हे असलं. लोक हसतील हिला. या वयात, या अवस्थेत हिला कोणी हसलेलं मला चालणार नाही.

विचारलं तर ही हट्ट करणार. म्हणून वाचताना वाक्यं वाचतो, टाइप करताना गाळतो, आणि आधी टाइप केलेलीही पुसली. पुस्तक आटोपशीर होतंय.

४ फेब्रुवारी

दुसरं इंजेक्शन. ही माझा हात धरून होती. सुई आत गेली तेव्हा हिची नखं माझ्या मनगटात रुतली. चार अर्धगोल उठले आहेत.

संध्याकाळी डोळ्यावर पट्टी असूनही बैठक घेतली. मीच आग्रह केला, नाहीतर ही पडून विचार करत बसली असती. 'डोस' हा शब्द निघाला. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ नुसता 'देणं' असा आहे. किती दिलं ते नंतर चिकटलं. ही म्हणाली, "डॉक्टरांना सांगा, त्यांना आवडेल." मी सांगणार नाही. कंपाउंडर तिथेच बसतो.

१२ फेब्रुवारी

दोन खोके संपले. दोनशे साठ कार्डं टाइप झाली. तक्त्यापेक्षा दोन आठवडे पुढे आहोत. रद्दीवाला आला होता, जुन्या वर्तमानपत्रांबरोबर ती कार्डंही देऊन टाकली. टाइप झाल्यावर ठेवून काय करायचं, आणि कपाटात जागाही झाली. तेवढा मजकूर प्रकाशिकेला पाठवला.

३ मार्च

कसं लिहावं कळत नाही. झालं ते क्रमाने लिहितो.

साडेदहाला प्रकाशिकेचा फोन आला. ही फोन नेहमी मोठ्या आवाजावर ठेवते, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं. ती म्हणाली, "बाई, मजकूर अगदी स्वच्छ आहे. पण तुम्ही मला मागे वाचून दाखवली होतीत ती वाक्यं कुठे गेली? त्यांच्यासाठीच तर मी पुस्तक करते आहे. शब्दांच्या कुळकथा शब्दकोशातही सापडतात."

ही म्हणाली, "आहेत की. प्रत्येक कार्डाखाली."

"एकही नाही, बाई."

ही मग म्हणाली, "बघते, आणि सांगते." फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली. कानाकडे नाही. सरळ समोर, जिथे हिला काहीच दिसत नाही.

"तुम्ही गाळलीत?"

मी कारणं सांगितली. अभ्यासू वाचक, भारदस्तपणा, लोक हसतील. बोलता बोलता माझी मलाच ती नोटिशीतल्या कलमांसारखी ऐकू यायला लागली.

"कार्डं आणा."

तेव्हा रद्दीचं सांगावं लागलं.

मी आरडाओरड्याची तयारी ठेवली होती. ही अगदी हळू बोलली. "आयुष्यभर दुकानदारांना पकडलंत. वजनाच्या तळाचं शिसं काढून ठेवणारे, तराजूला पासंग लावणारे. आणि गिऱ्हाइकाला दिसत नाही म्हटल्यावर तुम्हीही काटा मारलात."

मी म्हटलं, "तुझ्या भल्यासाठीच..."

"तेही असंच म्हणत असतील."

मग उठून आत गेली. दाराच्या चौकटीला हात लावून, अंदाज घेऊन गेली. मला मदतीला उठता आलं नाही.

४ मार्च

रद्दीवाल्याकडे गेलो. तीन आठवड्यांपूर्वीचे कागद कारखान्यात जाऊन लगदा झाले असणार म्हणाला. तरी गोदामात आत जाऊ दिलं. दोन तास उपसलं. कोणाच्या तरी शाळेच्या वह्या सापडल्या. आमचं एकही कार्ड नाही.

७ मार्च

बैठक बंद. ही जेवण वेळेवर वाढते, औषध कुठलं ते विचारते, बाकी शब्द नाही. मी म्हटलं, "तुला सगळी वाक्यं पाठ असतील. सांग, मी लिहून घेतो."

"पाठ आहेत."

"मग?"

"नाही सांगणार."

थोडेच शब्द. आता फरक चांगला कळतो आहे.

९ मार्च

ही शेजारी गेली होती. मी एकटाच तिसरा खोका उघडून बसलो. एकशे सत्तेचाळीस कार्डं, अजून हात न लागलेली. वरचंच कार्ड 'स्क्रूपल'.

हा शब्द मला ठाऊक आहे असं वाटलं. औषधवाल्यांचं जुनं वजन, वीस ग्रेनचं, सव्वा ग्रॅमहून किंचित जास्त. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला एका जुन्या औषधाच्या दुकानात त्याची पेटी तपासली होती. पण मुळात त्याचा अर्थ वजन नाहीच. टोकदार बारीक खडा. जोड्यात गेला तर चालू देत नाही असा. त्यावरून मनाची टोचणी. आणि त्यावरूनच एवढंसं वजन.

खाली हिचं वाक्य होतं. जसंच्या तसं उतरवतो.

'तो वजनं चिमट्याने उचलतो, बोटाने कधीच नाही. बोटाचा घाम लागून वजन वाढेल म्हणतो. इतक्या जपणुकीने वस्तू उचलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.'

कार्ड हातात धरून मी किती वेळ बसलो ते घड्याळात पाहिलं नाही.

मग एकेक आठवायला लागलं. पाहुणे जेवून गेल्यावर भांडी कोण पुसायचं? मी. लग्नाच्या पहिल्या वर्षी घरात माणसांचा राबता असे. सगळे गेले की स्वयंपाकघरात ही घासायची आणि मी पुसायचो, कारण तेवढ्याच वेळी आम्ही दोघं एकटे असायचो आणि मला बोलायला काही सुचत नसे. बिस्किटाचा एक चावा खाऊन उरलेलं हिच्या बशीत ठेवायची सवय कोणाची? माझीच, मला गोड सोसत नाही. मुलीच्या तापात पहाटेपर्यंत तिला खांद्यावर घेऊन गॅलरीत फेऱ्या कोण मारत होतं?

आणि समोरचे डॉक्टर. ते तर एकटेच राहायचे. दुसऱ्या मजल्यावर जोडपं एकच होतं.

मी रोज सकाळी नऊ ते अकरा, खणखणीत आवाजात, हिला माझ्याबद्दल वाचून दाखवत होतो. आणि ही ऐकत होती. आणि मी विचारत होतो, पाहुण्याला भांडी कोण पुसायला लावतं.

१० मार्च

सकाळी चहाच्या वेळी म्हटलं, "'तो' मी आहे."

ही बशीत चहा ओतत होती. थांबली. "कधी कळलं?"

"काल."

"एकोणीस वर्षांचं काम आहे. एक दिवस इकडे-तिकडे." आणि बशी माझ्याकडे सरकवली. पण बैठकीला बसली नाही. मीही विचारलं नाही.

१३ मार्च

मी ठरवलं आहे. आठवतील तेवढी वाक्यं मीच लिहून काढायची. वाचलेली आहेत, कानात कुठेतरी असणारच. भिंतीवरचा जुना तक्ता काढून नवा लावला. आज सतरा आठवली. 'ग्रेन'चं अर्धं आठवतंय.

१९ मार्च

एकूण ब्याण्णव. आता डोकं खरवडलं तरी काही निघत नाही. दोनशे साठातून ब्याण्णव गेली, राहिली एकशे अडुसष्ट. म्हणजे मी हिचे एकशे अडुसष्ट दिवस रद्दीत घातले. दिवस म्हणतो, कारण प्रत्येक वाक्यामागे कुठला तरी दिवस आहे.

२२ मार्च

एक विचार सुचला आहे, पण धीर होत नाही. माझं इंग्रजी नोटिशीचं. 'खाली सही करणारा याद्वारे कळवतो' यापलीकडे मी इंग्रजीत कधी गेलो नाही. मराठीत तरी कुठे गेलो?

२५ मार्च

लिहिली. बारा वाक्यं. फाडली. पुन्हा नऊ लिहिली.

२८ मार्च

बैठकीच्या खोलीत ही रेडिओ ऐकत बसली होती. मी समोर जाऊन म्हटलं, "तुझी जी वाक्यं मला आठवत नाहीत, त्यांच्या जागी मी माझी घातली आहेत. ऐकतेस का? आवडली नाहीत तर गाळू. या वेळी तुला सांगून गाळू."

हिने रेडिओ बंद केला.

मी उभा राहूनच वाचलं, शाळेत वाचायचो तसं. 'स्कोअर' म्हणजे वीस. मूळ अर्थ खाच. मेंढ्या मोजणारा दर वीस मेंढ्यांमागे काठीवर एक खाच पाडायचा, असं सांगतात. माझं वाक्य: 'तिने सुमारे वीस वर्षं लिहिलं आणि खाली सही करणाऱ्याने काठीवर एकही खाच पाडली नाही.'

ही म्हणाली, "'खाली सही करणारा' ठेवायचं?"

"काढू का?"

"राहू दे. तुमचाच वाटतो."

दुसरं, 'प्लेंटी'. मूळ अर्थ भरलेलं. 'तिचं पेन रोज भरलेलं असायचं. शाई कधी संपते, हे त्याला दिसत नव्हतं.' इथे हिने माझं एक क्रियापद दुरुस्त केलं. वर्गातल्यासारखं बोट वर करून केलं. मी पेन्सिलीने लिहून घेतलं.

मग 'लॉट'. हा शब्द म्हणजे चिठ्ठ्या टाकायचा लाकडाचा तुकडा. त्यावरून ज्याच्या वाट्याला जे येईल ते. त्यावरून हिस्सा, आणि सगळ्यात शेवटी 'पुष्कळ'. वाक्य: 'माझ्या वाट्याला ती आली. पुष्कळ म्हणजे किती, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.'

ही जरा वेळाने म्हणाली, "परत वाचा. स्पेलिंग तपासायचंय."

कानाने स्पेलिंग कसं तपासतात कोण जाणे. पण मी तीनदा वाचलं.

२९ मार्च

सकाळी नऊला ही आपणहून खुर्चीत येऊन बसली आणि म्हणाली, "'ग्रेन'चं अर्धं राहिलंय ना तुमचं? घ्या लिहून."

११ एप्रिल

रोज दोन बैठका चालल्या आहेत. काही वाक्यं हिची, काही माझी, आणि कुठे वाक्याचं पहिलं अंग हिचं आणि दुसरं माझं. एकाच दिवसाबद्दल दोघांची वाक्यं वेगळी निघतात. लेकीच्या तापाच्या दिवसाबद्दल ही म्हणते, मी पहाटेपर्यंत फेऱ्या मारल्या. मला आठवतं ते असं, की हिने त्याच रात्री दहावीचे पेपर तपासले आणि सकाळी शाळेत पोचते केले. मी तेही घातलं. ही म्हणाली, "हे कशाला?" मी म्हटलं, "ॲव्हरेज. तोटा वाटून घ्यायचा असतो."

डाव्या डोळ्याचंही मधलं आता जवळजवळ गेलं आहे. काल हिने चाचपडून माझी शुद्धलेखनाची चूक शोधायचा प्रयत्न केला, कागदावर बोट फिरवून. छापलेल्या कागदावर बोटाला काय लागणार? पण मी चूक दुरुस्त केली. खरंच होती. 'पुष्कळ'मधला 'ष' चुकला होता. कसं कळलं विचारलं, तर म्हणाली, "तुमचा तो नेहमीच चुकतो."

२६ एप्रिल

मजकूर गेला. चारशे सात शब्द, वाक्यांसकट. पाठवायचं बटण आम्ही दोघांनी दाबलं. हिचं बोट, वर माझं.

३० एप्रिल

सकाळी प्रकाशिकेचा फोन आला. मजकूर वाचून झाला म्हणाली. नाक शिंकरल्यासारखा आवाज आला. नंतर कामाचं बोलली. पाण्याच्या खोलीच्या शब्दांच्या टिपणात आम्ही 'फॅदम पाहा' असं लिहिलं आहे, पण 'फॅदम'चं टिपणच नाही. दुपारपर्यंत पाठवलं तर घालता येईल.

ही म्हणाली, "त्या शब्दाचं कार्ड मी कधी लिहिलंच नाही. 'फॅदम पाहा' काढून टाका."

मी म्हटलं, "काढायचं नाही." आणि शब्दकोश उघडला. सहा फूट. समुद्राची खोली मोजायचं माप. दोन्ही हात पसरले की एका हाताच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत. हिला वाचून दाखवलं.

"म्हणजे आपली वाव," ही म्हणाली. "विहिरीला पाणी चार वाव आहे म्हणायचे ना, तीच."

"सहा फूट कसे भरतील पण? सगळ्यांचे हात सारखे नसतात." मला राहवेना. खणातली स्टीलची टेप काढली. पण दोन्ही हात पसरल्यावर टेप धरणार कोण? शेवटी हिला उभं केलं. मी हात पसरून दारासमोर उभा राहिलो. हिला माझी बोटं दिसत नव्हती. आधी खांदा शोधला, मग दंड, कोपर, मनगट, असं करत डाव्या हाताच्या टोकाला पोचली आणि टेपचं टोक माझ्या चिमटीत दिलं. मग टेप माझ्या छातीवरून नेत, एकेक वीत पुढे सरकत, उजव्या हाताच्या टोकाला गेली आणि तिथे नख दाबून धरलं.

मी मान वळवून आकडा वाचला. पाच फूट सात इंच.

"पाच इंच कमी भरतात," मी म्हटलं.

"शब्दकोशात आणखी काही दिलं असेल. मुळातला अर्थ बघितलात?"

शब्दकोश टेबलावर उघडा होता. तसाच हात पसरून मी वाकून पाहिलं. सगळ्यात वर, बारीक अक्षरात, जुना अर्थ दिला होता. माप नव्हे. कव. दोन हातांनी कवेत घेणं.

मी तो मोठ्याने वाचला.

हिने टेप सोडली. ती सळसळत माझ्या हाताकडे आली आणि खाली पडली. ही पुढे आली, अंदाजाने नाही, नीट माहीत असल्यासारखी, आणि माझ्या छातीला कपाळ टेकून उभी राहिली.

दार सताड उघडं होतं. जिन्यावरून शेजारच्या बाई पिशवी घेऊन चढत होत्या, त्या थबकल्या आणि मग फार घाई असल्यासारख्या वर गेल्या. मी हात मिटले.

दुपारी बाराच्या आत टिपण पाठवायचं होतं. सव्वाअकरा वाजले होते. वाक्य अजून लिहायचं होतं, आणि टाइप मी एका बोटाने करतो. हे सगळं मला माहीत होतं. माझे हात भरून आले होते, पण ही सोडा म्हणेना, आणि मीही विचारलं नाही.